लेक म्हणाली, "आई, चल विमानात!" आधी काय विचारायचं?



आपल्या या कार्यक्रमात आपण कधी कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलतो, कधी रक्त वाढवणाऱ्या भाज्यांबद्दल, कधी पापड-कुरडया विकायच्या कशा त्याबद्दल. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण छोट्या विमानाबद्दल बोलणार आहोत. खाली उभं राहून बघायच्या विमानाबद्दल नाही, आत बसायच्या.

हा विषय आम्ही मनाने काढलेला नाही. शिरपूर भागातल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आमच्या भाचीला विमान चालवायचा परवाना मिळाला. ती म्हणते, आईला नि मावशीला एक चक्कर मारून आणते. तिच्या आईचा जीव वर-खाली होतोय. नाही म्हटलं तर पोरीचं मन मोडतं, हो म्हटलं तर रात्रभर झोप नाही. काय करावं?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही समन्वयक मैत्रिणींनी वाचलं, जाणकारांना विचारलं. जे समजलं ते आज सांगतो.

विमान आपल्या दारात आलंय

खानदेशातल्या बाईला विमान नवं नाही. कापूस वेचताना, केळीच्या बागेत काम करताना डोक्यावरून घरघर करत एक लहानसं विमान जातं, परत येतं, पुन्हा जातं. ते बहुतेक वेळा शिकाऊ विमान असतं. शिरपूरजवळ धावपट्टी आहे आणि तिथे वैमानिक तयार करणारी संस्था आहे. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे. मुंबईचा बॉम्बे फ्लाइंग क्लब फार जुना. जे. आर. डी. टाटा तिथेच विमान चालवायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. त्याच क्लबची मुलं पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर शिकायला लागली. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ साली आपल्याच जिल्ह्याच्या लेकीने, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं. २०२१ साली वैमानिक प्रशिक्षणासाठी देशातले जे पाच विमानतळ निवडले, त्यात जळगाव होतं.

प्रतिभाताई आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवाव्यात. २००९ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांनी पुण्याहून हवाई दलाच्या सुखोई लढाऊ विमानातून फेरी मारली. तेव्हा "या वयात काय विमानात बसायचं?" असं कोणी म्हणालं तर उत्तर तयार आहे.

चालवणारी बाईही नवी नाही. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल यांनी साडी नेसून एकटीने विमान उडवलं. त्या २१ वर्षांच्या होत्या आणि घरी चार वर्षांची मुलगी होती. आज भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणजे "आई, चल" असं म्हणणाऱ्या लेकी, भाच्या, सुना आता आपल्या घरांतही निघणार.

भीती खोटी नाही

पण आपल्याकडे विमान म्हटलं की आणखी एक आठवण येते. १६ जुलै २०२१. शिरपूरहून उडालेलं शिकाऊ विमान चोपडा तालुक्यातल्या वर्डी गावाजवळ सातपुड्यात कोसळलं. शिकवणारे वैमानिक गेले. शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. तिथवर गाडी पोचत नव्हती. आजूबाजूच्या आदिवासी वस्तीतली माणसं धावली. एका भगिनीने स्वतःचं लुगडं सोडून दिलं, त्याची झोळी केली आणि त्या झोळीतून मुलीला डोंगरातून खाली आणलं. त्या मुलीशी तिचं ना नातं ना ओळख.

ही गोष्ट आम्ही घाबरवायला सांगत नाही. ज्या आईचा जीव वर-खाली होतो ती अडाणी नाही, एवढंच सांगायचं आहे. लहान विमानाचा धोका मोठ्या प्रवासी विमानापेक्षा जास्त असतो, हे जगभरचं सत्य आहे. मोठ्या विमानात दोन वैमानिक असतात, दोन किंवा जास्त इंजिनं असतात, मागे मोठी यंत्रणा असते. लहान विमानात बहुतेक वेळा एक इंजिन, एक वैमानिक. म्हणून तिथे बसणाऱ्याने प्रश्न विचारायचे असतात.

आपल्या गटात पहिल्या वर्षी काय होतं? कोणी कॅशबुक मागितलं की अध्यक्ष रुसते. "माझ्यावर विश्वास नाही का?" पुढे सगळ्यांना कळतं की हिशोब विचारणं म्हणजे अविश्वास नाही. हिशोब विचारला जातो म्हणून तर गट टिकतो. विमानाचंही तसंच आहे. चांगल्या वैमानिकाला प्रश्नांचा राग येत नाही. कारण उडायच्या आधी तेच प्रश्न तो स्वतःला विचारत असतो.

पहिला प्रश्न: परवाना कोणता?

विमानाचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं. त्याला सगळे डीजीसीए म्हणतात. परवान्यांच्या पायऱ्या असतात.

पहिली पायरी शिकाऊ परवाना. तो १६ व्या वर्षापासून मिळतो. गाडीच्या लर्निंग लायसन्ससारखा. शिकाऊ परवान्यावर आई, बाप, मावशी, कोणालाही बसवता येत नाही. पोरीला कितीही येत असलं तरी नाही.

दुसरी पायरी खासगी वैमानिकाचा परवाना. त्यासाठी वय १७ पूर्ण, दहावी पास, डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. या परवान्यावर घरच्यांना नेता येतं, पण पैसे घेता येत नाहीत. भाडं नाही, बक्षिसी नाही.

तिसरी पायरी व्यावसायिक परवाना. त्यासाठी किमान २०० तास लागतात. नोकरी याच परवान्यावर मिळते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कोणी "माणशी अमुक रुपये, गावावरून चक्कर मारतो" म्हणत आला, किंवा लग्नात नवरी हेलिकॉप्टरने आणायची हौस असेल, तर नुसता वैमानिकाचा परवाना पुरत नाही. भाड्याने उडवणाऱ्या कंपनीकडे डीजीसीएचा वेगळा परवाना लागतो. शेतात हेलिकॉप्टर उतरवायचं तर जिल्हा प्रशासनाची परवानगीही लागते. आधी कागद बघायचे, मग इसार द्यायचा.

वैमानिकाकडे एक लॉगबुक असतं. त्यात प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमान, वेळ लिहिलेली असते. आपल्या कॅशबुकचीच बहीण समजा. ते उघडून विचारायचं, "बेटा, शेवटी कधी उडाली होतीस? याच प्रकारच्या विमानात का?" परवाना दोन वर्षांपूर्वीचा आणि सहा महिने हात लावलेला नसेल, तर आधी तिने तिच्या शिक्षकांबरोबर सराव करावा. आपण नंतर बसू. वर्षभर शिवणयंत्राला हात न लावता एकदम कोणाच्या लग्नाचा ब्लाऊज कापायला घेत नाही आपण.

आणि विमान कोणाचं? शिकवणाऱ्या संस्थेचं असेल तर घरच्यांना बसवायची संस्थेची परवानगी आहे का? विमानाची नोंदणी, उडण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र आणि विमा, तिन्ही चालू आहेत का?

दुसरा प्रश्न: वजन किती?

मैत्रिणींनो, हा भाग नीट ऐका. इथेच आपण वैमानिकाला सगळ्यात जास्त मदत करू शकतो, आणि इथेच आपण लाजून खोटं बोलतो.

काळीपिवळीत आठ-नऊ जणांच्या जागी पंधरा बसतात. गाडी कुरकुरते, पण जाते. विमानाचं तसं नसतं. ठरल्यापेक्षा वजन जास्त झालं तर धावपट्टी संपायला येते आणि विमान उचलत नाही. किंवा उचलतं, पण पुढे झाडं, तारा, डोंगर आला तर वर चढत नाही.

एक हिशोब मांडू. सेसना १७२ नावाचं चार जणांचं विमान जगभर वापरतात. त्याच्या एका नेहमीच्या प्रकाराचे ठोकळ आकडे घेऊ. सगळं मिळून ते साधारण १,११० किलो घेऊन उडू शकतं. रिकामं विमानच ७४० किलोच्या आसपास. उरले ३७०. पेट्रोलची टाकी सुमारे २०० लिटरची. हे पेट्रोल लिटरला साधारण ७२० ग्रॅम भरतं, म्हणजे टाकी भरली की १४४ किलो गेले. उरले २२६. आता माणसं बसवा. ७० किलोची तीन माणसं झाली २१०. चौथ्याला जागा आहे, सीट आहे, पट्टा आहे. पण वजन शिल्लक नाही!

मग काय करतात? पेट्रोल कमी घेतात. अर्धी टाकी घेतली तर ७२ किलो वाचतात आणि चौघं बसू शकतात. असं विमान तासाला ३५ लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. अर्ध्या तासाच्या फेरीला अर्धी टाकी पुरून उरते. पण हा हिशोब कागदावर, आधी करायचा असतो. आणि शिकायचं जे छोटं सेसना १५२ असतं, त्यात सीटच दोन. वैमानिक आणि एक माणूस. आई आणि मावशी दोघी एकदम नाही.

म्हणून वजन विचारलं की खरं सांगायचं. अंदाजे नाही. आशाताईंच्या काट्यावर किंवा दुकानातल्या काट्यावर उभं राहून, चपला-साडीसकट. पिशवी वेगळी मोजायची. लोणच्याची बरणी आणि पाच किलो दादर घरी ठेवायची.

वजन किती याइतकंच वजन कुठे हेही महत्त्वाचं. बैलगाडी भरताना मागे जास्त माल पडला की गाडी उलाळ होते, पुढे जास्त पडला की जू बैलांच्या मानेवर दाबतं. विमानही तसंच तोललेलं असतं. ते मागे जड झालं तर वैमानिकाच्या हातात राहत नाही. म्हणून ती म्हणाली, "मावशी, तू मागे बस", तर रुसायचं नाही. तो मानपानाचा प्रश्न नाही, तोलाचा आहे.

तिसरा प्रश्न: हवा कशी आहे?

आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन ४५ अंशांपर्यंत जातं. हवा तापली की विरळ होते. विमान हवेवर तरंगतं, इंजिन हवा ओढतं. विरळ हवेत दोन्ही कमी पडतं. सकाळी सात वाजता जे विमान चौघांना सहज घेऊन उडतं, तेच दुपारी दोन वाजता लांबपर्यंत धावत राहतं आणि हळू चढतं. शिवाय तापलेल्या काळ्या रानातून हवेचे लोट वर उठतात आणि विमान हलतं. आखाजीला झोका वरून खाली येताना पोटात जसा गोळा येतो, तसंच होतं. धोका प्रत्येक वेळी नसतो, पण नव्या माणसाला मळमळतं. म्हणून घरच्यांना न्यायचं तर हिवाळ्याचे दिवस आणि सकाळची वेळ.

कानबाईला सगळे भाऊबंद घरी जमतात, तेव्हा पोरीला वाटणार, आता सगळ्यांना फिरवू. पण ते दिवस श्रावणाचे. सातपुड्यावर ढग उतरलेले असतात. खासगी परवान्यावरचा वैमानिक बहुतेक वेळा डोळ्यांनी बघून उडतो. जमीन, नदी, रस्ता, डोंगर दिसले पाहिजेत. ढगात शिरलं की वर काय, खाली काय हे कळेनासं होतं. जगभरात लहान विमानांचे कितीतरी अपघात यातूनच झाले आहेत.

बसताना काय सांभाळायचं

विमानाजवळ जाताना पंख्यापासून लांब राहायचं. फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही. इंजिन पूर्ण बंद असतानाच चढायचं-उतरायचं आणि कधीच पुढून जायचं नाही. पदर खोचून घ्यायचा, ओढणी बांधायची. लहान मुलाचा हात सोडायचा नाही.

पट्टा प्रत्येकाला स्वतंत्र. एका पट्ट्यात आई नि पोर दोघं नाहीत. पट्टा लावायला शिकतो तसा उघडायलाही शिकायचा, दोनदा करून बघायचा. दारही कसं उघडतं ते विचारून ठेवायचं.

पुढच्या सीटवर बसलात तर तुमच्यासमोरही सुकाणू असतं आणि पायाशी पायट्या असतात. वैमानिकाने वळवलं की तुमच्याकडचंही वळतं. त्याला धरायचं नाही, पाय टेकवायचे नाहीत. धरायचं तर स्वतःचं गुडघे धरा.

उडताना आणि उतरताना बोलायचं नाही. तेव्हा ती रेडिओवर ऐकत असते. "अगं, ते बघ आपलं गाव" हे नंतर.

सर्दी असेल, कान गच्च असतील तर त्या दिवशी जायचं नाही. कान फार दुखतात. पोट रिकामंही नको, तट्ट भरलेलंही नको. लघवीला आधीच जाऊन यायचं, आत सोय नसते. दिवस गेलेले असतील, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, रक्त फार कमी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

एक समज काढून टाकू. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली पडतं असं नाही. असं लहान विमान एक किलोमीटर उंचीवर असेल तर इंजिनाशिवायही साधारण नऊ किलोमीटर घसरत पुढे जाऊ शकतं. वैमानिकाला मोकळं शेत शोधून उतरायचा सराव दिलेला असतो. अशा वेळी आपलं काम एकच, शांत बसायचं आणि ती सांगेल ते करायचं.

आधी कागद, मग चाचणी, मग माणसं

घरच्यांचं आणि विमानाचं नातं म्हटलं की कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट सांगावी लागते. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, एकत्र कुटुंबाच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा जणांचं विमान बनवलं. घरच्यांनी पैसा घातला, वर्षानुवर्षं साथ दिली. २०१६ साली मुंबईत 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं. नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं, उडवून बघायची परवानगी मिळायला २०१९. आणि २०२० साली चाचणीसाठी ते कुठे उडालं? आपल्या धुळ्यात!

ज्या घराने विमानासाठी एवढं केलं, त्यांना पहिल्या दिवशी आत बसायची केवढी हौस असेल. पण चाचणीच्या उड्डाणात हौशी माणसं बसवत नाहीत, जगात कुठेच नाही. आधी कागद, मग रिकाम्या विमानाची चाचणी, मग माणसं. हा क्रम घरच्यांसाठीही बदलत नाही. उलट घरच्यांसाठी तो जास्तच पाळायचा.

"आज नको" म्हणणारीचा मान

जाणकारांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. घरच्यांना नेताना वैमानिकावर सगळ्यात मोठं ओझं हट्टाचं असतं. मामा नंदुरबारहून आलेत, आजीने नवी साडी नेसलीय, पोरं सकाळपासून तयार आहेत. तेवढ्यात ढग येतात. पोरीला कळतं की आज नको. पण कोणी म्हणतं, "एवढे लांबून आलो, एक चक्कर तर मार. घाबरलीस का?" त्या एका वाक्याने चांगला वैमानिक चुकीचा निर्णय घेऊ शकतो.

म्हणून तिच्या आईने एक काम करावं. आदल्या रात्रीच तिला सांगावं, "बेटा, उद्या तू नाही म्हणालीस तरी आम्ही कोणी काही बोलणार नाही. डबा सोडू, धावपट्टीबाहेर भरीत-भाकरी खाऊ आणि घरी येऊ." हे आईने सगळ्यांसमोर सांगितलं की मामाचंही तोंड बंद होतं.

आणि आईलाही नाही म्हणायचा हक्क आहे. सगळे प्रश्न विचारून, सगळी उत्तरं बरोबर मिळूनही मन धजत नसेल तर तिने जाऊ नये. खाली उभं राहून लेकीचं विमान बघण्यात काही कमीपणा नाही. पण "बायकांचं काय काम" किंवा "बाई विमान चालवते म्हणून भीती" असं कोणी म्हणत असेल, तर ते कारण नव्हे. ते मोडून काढायचं.

बैठकीत सांगायला पाच प्रश्न लिहून घ्या:

१. परवाना कोणता, आणि शेवटचं उड्डाण कधी?
२. विमानाची नोंदणी, उडण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र आणि विमा चालू आहे का?
३. आमची खरी वजनं घेऊन हिशोब मांडला का?
४. आजची हवा कशी आहे, आणि बिघडली तर काय ठरलंय?
५. झोप झाली का, तब्येत बरी आहे का? दारूचा तर प्रश्नच नको. उडण्याआधी १२ तास दारूला हात लावायचा नाही, असा नियमच आहे.

त्या शिरपूरच्या ताईंना आम्ही हेच सांगितलंय. त्यांनी पाचही प्रश्न भाचीला विचारले. भाचीने वही काढली आणि आधी दोघींना काट्यावर उभं केलं. सेसना दोन सीटचं आहे, त्यामुळे एका वेळी एकच जाणार. पहिली कोण, यावर सध्या दोघी बहिणींत वाद चालू आहे. उड्डाण हिवाळ्यात आहे, तोवर मिटेल.

पुढच्या भागात भेटू, गटाच्या विम्याबद्दल बोलायला. तोपर्यंत रामराम.